फिट आली तर आधी घड्याळ बघा

मे महिन्यातली सकाळ. खळ्यात आम्ही रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलो होतो. आदल्या रात्री देवळाकडे दशावतार होता, पहाटेपर्यंत वाडीतली सगळी पोरं तिथेच. माझा धाकटा भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा. जेमतेम दोन तास झोपून उठला, माझ्या बाजूला येऊन बसला, एक रातांबा हातात घेतला आणि घशातून विचित्र आवाज काढून मागच्या मागे कोसळला. अंग लाकडासारखं ताठ, मग हातपाय झटके द्यायला लागले. तोंडाला फेस, ओठ काळेनिळे, सदरा रातांब्याच्या रसाने लालभडक. शेजारची काकी रक्त समजून किंचाळली. कोणीतरी "कांदो हाडा रे, कांदो!" म्हणत पडवीत धावलं, कोणी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली, आणि एका काकांनी दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घातला. पुढच्या दाताचा टवका उडाला. तो दात अजून तसाच आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "फिट किती वेळ चालली?" आई म्हणाली, "अर्धा तास." मी म्हटलं, दहा मिनिटं. काका म्हणाले, दोनच मिनिटं असतील. "सुरुवात कुठल्या बाजूने झाली? डोळे उघडे होते की मिटलेले?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. सात-आठ माणसं तिथे हजर होती, सगळी त्याच्या अंगाला झोंबत होती आणि बघितलं कोणीच नव्हतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. त्यानंतर आमच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांत पहिली फिट आल्यावर मला बोलावणं आलं. मी डॉक्टर नाही, अपस्माराच्या रुग्णाची बहीण आहे. प्रत्येक घरात जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे.

ही भानगड नेमकी काय आहे

कोणी फिट म्हणतं, कोणी आकडी, कोणी फेफरं, कोणी मिरगी. पुस्तकी शब्द अपस्मार. चरकसंहितेत या आजारावर स्वतंत्र अध्याय आहेत, आणि अपस्मार या नावाचा अर्थच स्मृती हरपणे असा आहे. म्हणजे आपल्याकडच्या वैद्यांनी फार पूर्वीच याला आजार मानून औषधं शोधली होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना मुद्दाम सांगा. त्यांना ते पटतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक लहरींनी बोलत असतात. काही क्षण त्यातल्या पुष्कळशा पेशी एकदमच, बेताल उसळल्या की फिट येते. मेंदूच्या ज्या भागात ती उसळी असेल तसं शरीर वागतं. हात हलवणाऱ्या भागात असेल तर हाताला झटके, वास ओळखणाऱ्या भागात असेल तर नसलेला वास, आणि सगळ्या मेंदूत पसरली तर शुद्ध हरपून सर्वांगाला झटके.

एक फिट आली म्हणजे अपस्मार झालाच असं नाही. कारणाशिवाय, निदान चोवीस तासांच्या अंतराने दोन फिट्स आल्या की डॉक्टर साधारणपणे अपस्मार म्हणतात. तपासणीत पुन्हा फिट येण्याची दाट शक्यता दिसली तर एका फिटनंतरही म्हणतात. मधुमेहात साखर एकदम खाली जाणं, म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरणं, रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद करणं, डोक्याला मार, मेंदूज्वर यांनीही फिट येते, आणि तिथे इलाज त्या मूळ कारणावर असतो. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना तापात फिट येते, तिला तापातली आकडी म्हणतात. ती बघून आईबापाचा जीव अर्धा होतो, पण बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही. तरी पहिल्या वेळी मुलाला दाखवायलाच हवं. आणि मोठ्या माणसाला तापात फिट आली तर एक तासही घरी थांबू नका.

हा आजार संसर्गाने होत नाही. फेसाला हात लागला म्हणून काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट निदान होऊन औषध मिळालं तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. हा आकडा मी मुद्दाम पाठ केला आहे, कारण पहिल्या दिवशी घरात "आता पोराचा संपला सगळा" हेच वाक्य फिरत असतं.

समोर माणूस पडला तर

सर्वात आधी घड्याळ किंवा मोबाईल बघा आणि वेळ मनात पक्की करा. याला दोन सेकंद लागतात. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट पंधरासारखं वाटतं, म्हणून अंदाजावर भरवसा नको.

मग त्याच्या आजूबाजूचं काढा. विळी, कोयता, चुलीतलं जळतं लाकूड, गरम भांडं, दगड. माणसाला हलवण्यापेक्षा वस्तू हलवा. तो चुलीजवळ, पायरीच्या कडेला, विहिरीच्या काठावर किंवा रस्त्यात असेल तरच त्याला ओढून बाजूला घ्या. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, गोणपाट, तुमचा हात, जे मिळेल ते ठेवा. चष्मा काढा, गळ्याशी आवळलेलं काही असेल तर सैल करा.

हातपाय दाबून धरू नका. झटके दाबल्याने थांबत नाहीत, उलट खांदा निखळतो. तोंडात काहीही घालू नका, चमचा नको, कापड नको, बोट तर अजिबातच नको. जीभ गिळली जाते हा गैरसमज आहे. चावली जाते ती बहुतेक बाजूने, आणि ती जखम भरते. तुटलेला दात भरत नाही, आणि त्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर जीवावर बेततं. पाणी पाजू नका, औषध पाजू नका, तोंडावर पाणी मारू नका.

कांदा, चप्पल आणि हातात दिलेल्या किल्ल्या यांच्याबद्दल विचाराल, कारण सगळेच विचारतात. फिट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपणहून थांबते. तेवढ्यात कोणीतरी कांदा फोडून आणलेला असतो, त्यामुळे यश कांद्याला मिळतं. कांदा आणायला धावलेलं माणूस घड्याळ बघायला थांबलं असतं तर रुग्णाचं जास्त भलं झालं असतं. कापराच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. कापूर पोटात गेला तर त्यानेच फिट येते, लहान मुलांना तर थोड्याशानेही. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडाशी कापूर किंवा निलगिरीचं तेल नेऊ नका.

झटके ओसरले की लगेच त्याला कुशीवर वळवा. आधीच जमलं तर आधीच. वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे, तोंड किंचित जमिनीकडे, म्हणजे लाळ, फेस, उलटी बाहेर वाहून जाईल. सगळ्या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

पाण्यात फिट आली तर क्रम बदलतो. डोकं पाण्याच्या वर धरून ठेवा, झटके कमी झाले की काठावर आणा, श्वास बघा आणि शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात पाणी गेलेलं वरून कळत नाही.

१०८ कधी

पाच मिनिटं झाली आणि झटके थांबले नाहीत. एक फिट थांबली, पण शुद्ध यायच्या आतच दुसरी सुरू झाली. आयुष्यातली पहिलीच फिट. बाई गरोदर आहे. मधुमेह आहे. डोक्याला लागलं. श्वास नीट चालत नाही. यातलं काहीही असेल तर १०८ लावा. आपल्याकडे पाऊस धरला की रेंज जाते, घाटीतल्या वाडीपर्यंत गाडी यायला वेळ लागतो, तेव्हा पाच मिनिटं पूर्ण व्हायची वाट बघत न बसता तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला फोन हातात घ्या आणि वाडीतल्या रिक्षावाल्यालाही उठवा. ज्यांच्या फिट्स लांबतात त्यांना डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून देतात. दवाखाना लांब असलेल्या घराने हा स्प्रे आपल्याला लागेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.

शुद्धीवर येताना

झटके थांबल्यावर माणूस घोरल्यासारखा श्वास घेतो, डोळे उघडतो, पण ओळखत नाही. उठून चालायला बघतो, कधी चिडतो, ढकलतो. ही शरीराची दमणूक आणि मेंदूची गोंधळलेली अवस्था आहे. धरून ठेवू नका, नुसतं पडवीचं दार लावून घ्या आणि नावाने हाक मारत जवळ बसा. एखादा हात किंवा पाय काही वेळ लुळा पडू शकतो, तो बहुतेक वेळा पुढच्या काही तासांत परत येतो, पण ते डॉक्टरांना सांगायचं आहे. स्वतःचं नाव, वार, आपण कुठे आहोत हे नीट सांगू लागला की मगच पाण्याचा घोट.

कपडे ओले झाले असतील तर गर्दीला आधी बाहेर काढा, मग कपडे बदला. माझा भाऊ पुढे एकदा म्हणाला होता, "फिटची मला आठवणच नसते गो. डोळे उघडल्यावर आजूबाजूला जी तोंडं दिसतात ना, त्यांची लाज वाटते."

बघितलेलं लिहून काढा

मधुमेहात रक्त तपासलं की आकडा येतो. अपस्मारात डॉक्टरांसमोर फिट जवळजवळ कधीच येत नाही. रुग्णाला स्वतःला काही आठवत नाही. त्यामुळे निदानाचा मोठा भाग बघणाऱ्याच्या तोंडून येतो, आणि औषध त्या निदानावर ठरतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पहिल्या डॉक्टरांकडे चुलतभावाला आठवलं की मान डावीकडे वळली होती. मेंदूच्या एका बाजूने सुरू होणारी फिट समजून त्यांनी कार्बामाझेपिन सुरू केलं. जे त्यांच्या कानावर गेलं त्यावरून ते बरोबरच होतं. पण भावाला सकाळी उठल्यावर हाताला बारीक हिसके बसायचे, ते आम्ही सांगितलंच नव्हतं. कपातला चहा सांडायचा, टूथब्रश उडायचा. दोन वर्षं आम्ही त्याला वेंधळा म्हणून ओरडत होतो. तो आजाराचा भाग असेल हे डोक्यातही आलं नाही. गोळी सुरू झाल्यावर हिसके वाढले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी, मेंदूविकारतज्ज्ञांनी, शांतपणे विचारलं, "सकाळी हातातून वस्तू पडतात का?" आईने माझ्याकडे बघितलं आणि ती रडायलाच लागली. वयात येताना सुरू होणाऱ्या, सकाळच्या हिसक्यांच्या अपस्मारात कार्बामाझेपिनने त्रास वाढू शकतो. औषध बदललं आणि तीन आठवड्यांत चहा सांडायचा थांबला.

म्हणून फिट संपल्यावर, माणूस झोपल्यावर, बसून लिहा. आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहितो. तारीख, वेळ, किती मिनिटं. त्याच्या आधी तो काय करत होता, आदल्या रात्री किती झोपला, गोळी चुकली होती का, ताप होता का, दारू घेतली होती का. सुरुवातीला काही बोलला का, की पोटातून काही वर चढतंय, जळका वास येतोय. मान किंवा डोळे कुठे वळले. झटके एका हातात आधी आले की दोन्ही बाजूंना एकदम. डोळे उघडे की घट्ट मिटलेले. ओठांचा रंग. जीभ चावली का, लघवी झाली का. पूर्ण भानावर यायला किती वेळ लागला. बायकांच्या बाबतीत पाळीची तारीख.

दुसरं माणूस हाताशी असेल तर त्याला मोबाईलवर चित्रीकरण करायला सांगा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं. तो व्हिडिओ डॉक्टरांनाच दाखवायचा. घरच्या ग्रुपवरसुद्धा टाकायचा नाही.

सगळ्या फिट्स अंग टाकून येत नाहीत, हेही इथेच सांगते. चार ते दहा वर्षांचं मूल वाचता वाचता पाच-दहा सेकंद एकटक थांबतं, पापण्या फडफडतात, आणि पुढे तिथूनच वाचू लागतं. दिवसात असं कितीतरी वेळा होतं, आणि शाळेत शेरा मिळतो, 'लक्ष नसते.' मोठी माणसं कधी मिनिटभर शून्यात बघतात, ओठ चाटल्यासारखे करतात, शर्टाची बटणं चाळवतात, हाक मारली तर ओ देत नाहीत. अशा वेळी हलवू नका, ओरडू नका, फक्त चुलीपासून, पाण्यापासून हळूच बाजूला न्या.

उलट, पडलेला प्रत्येक माणूस फिटनेच पडलेला असतो असंही नाही. जत्रेत उपाशीपोटी उन्हात उभा राहिलेला माणूस पांढराफटक पडतो, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खाली बसतो. एक-दोन हिसकेही येतात, पण आडवा केल्यावर क्षणात भानावर येतो. ती बहुतेक वेळा चक्कर. मनावरच्या ताणातूनही फिटसारखे झटके येतात, त्यात डोळे बरेचदा घट्ट मिटलेले असतात आणि झटके लांबतात. ते नाटक नसतं. त्या माणसालाही डॉक्टर हवेत, फक्त औषध वेगळं.

डॉक्टर आणि तपासण्या

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करा, पण मेंदूविकारतज्ज्ञाला एकदा तरी दाखवा. सिंधुदुर्गातली माणसं सवयीने गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातात, चिपळूणकडची डेरवणच्या, बाकी मुंबई आहेच. जाताना ते कालनिर्णयचं पान, व्हिडिओ, आधीच्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि फिट प्रत्यक्ष बघितलेलं माणूस बरोबर न्या. आईवडील शेतात होते आणि बघितलं शेजारच्या वहिनीने, तर वहिनीला गाडीत बसवा.

ईईजीत डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरींचा आलेख काढतात. शरीरात करंट सोडत नाहीत, दुखत नाही. आदल्या दिवशी केस धुवा आणि खोबरेल तेल लावू नका. आपल्याकडे हे सांगितलं नाही तर माणूस तेल थापूनच जातो आणि तारा चिकटत नाहीत. कधी रात्री कमी झोपून यायला सांगतात, तेवढंच ऐका. ईईजी साफ आला तरी अपस्मार नाही असं ठरत नाही, कारण तो तेवढ्याच अर्ध्या तासाचा आलेख असतो. एमआरआयमध्ये मेंदूत जुनी जखम, गाठ, व्रण आहे का ते दिसतं.

कधी तपासणीत मेंदूत किड्याची गाठ निघते. घरची शाकाहारी माणसं चक्रावतात. डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी ज्याच्या पोटात आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि ती न धुतलेल्या पालेभाजीतून, पाण्यातून, हातांवरून कोणाच्याही पोटात जातात. यावर उपचार आहे. भाजी वाहत्या पाण्यात धुणं आणि संडासाहून आल्यावर साबणाने हात, एवढं घरात सुरू करा.

गोळी

गोळीने अपस्मार मुळातून जात नाही, फिट येऊ देत नाही. हे ज्याला समजलं तो गोळी सोडत नाही. "सहा महिने काही झालं नाही, बरा झाला" म्हणून घरच्यांनी बंद केलेली गोळी, ही मी बघितलेल्या मोठ्या फिट्समागची सर्वात नेहमीची गोष्ट. अचानक बंद केली तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात आणि त्यात माणूस दगावतो. निदान दोन वर्षं एकही फिट नसेल तर डॉक्टर कमी करण्याचा विचार करतात, तोही हळूहळू, काही महिन्यांत. माझ्या भावाच्या प्रकारात बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते. तो घेतो, जसे आमचे बाबा रक्तदाबाची घेतात.

एखादी वेळ चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढची वेळ आलीच असेल तर मनाने दोन एकदम घेऊ नका, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. कंपनी बदलून देत असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका. नवीन गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन यांनी क्वचित फार वाईट ॲलर्जी होते. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, दात नीट घासा. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी गेलात तरी अपस्माराच्या गोळ्या चालू आहेत हे आधी सांगा, कारण काही वेदनाशामक आणि प्रतिजैविकं फिट आणू शकतात.

आता आपल्या पावसाळ्याचं. जूनपासून भिंतींना घाम येतो, मीठ पाणी धरतं, पापड मऊ पडतात. गोळ्यांचंही तेच होतं. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतली ओल ओढून घेतं, कार्बामाझेपिनची गोळी दमट राहिली तर तिचा गुण कमी होतो. तुम्ही रोज गोळी घेताय आणि शरीराला पुरती मिळत नाही. म्हणून आठवड्याच्या गोळ्या पाकिटातून सोडवून डबीत भरू नका, पाकीट कापून त्याच्यासकट ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि न्हाणीपासून लांब. आणि जून ते ऑगस्ट निदान महिनाभराचा जादा साठा घरात असू द्या. घाट बंद होतो, दरड येते, तालुक्याचं दुकान दोन दिवस उघडत नाही. गोळी संपायला आठ दिवस उरले की आणायची, हा आमच्या घरचा नेम.

दोन-तीन औषधं नीट वापरूनही फिट्स थांबत नसतील तर नशिबाला दोष देत बसू नका. काहींना शस्त्रक्रियेचा खूप उपयोग होतो. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून अपस्मारावर शस्त्रक्रिया होतात, आणि रत्नागिरीला थांबणारी नेत्रावती एक्स्प्रेस थेट त्या गावी जाते. मुंबईतही मोठ्या रुग्णालयांत होतात.

जागरण

अपुरी झोप ही फिटची सख्खी मैत्रीण. आणि आपल्याकडे तर वर्षभर जागरणंच. शिमग्याची पालखी, नमन-खेळे, दशावतार, गणपतीतली भजनं. जाऊ नको असं मी कोणालाच सांगत नाही. माझा भाऊ दशावतार बघतो, मध्यंतराला घरी येऊन झोपतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही झोपतो. चाकरमान्यांचं जास्त अवघड असतं. गणपतीला गाडी खचाखच भरलेली, रात्रभर दारात उभं राहायचं, गोळ्यांची पिशवी मोठ्या बॅगेत तळाला, सकाळी गावात उतरल्यावर आंघोळ, आरती, उपास. रात्रीची गोळी, झोप आणि जेवण तिन्ही एकदम चुकतात. गोळ्या खिशात ठेवा. दोन दिवस आधी निघा, किंवा दिवसाच्या गाडीने.

दारू नकोच. उपास करायचा तर फळ, दूध घेऊन करा, गोळी पाण्याबरोबर घेतल्याने उपास मोडत नाही असं आमच्या भटजीकाकांनी सांगितलं आहे.

पाणी, आग, उंची

कोकणात अपस्माराच्या माणसाला खरी भीती फिटची कमी आणि ती कुठे येते त्याची जास्त आहे. लावणीच्या वेळी घोटाभर चिखलात तोंडावर पडलेला माणूस काही मिनिटांत गुदमरतो. म्हणून शेतात एकट्याने नाही, बाजूला पात धरलेलं दुसरं माणूस हवं. बिनकठड्याच्या विहिरीवर पाणी शेंदायला जाऊ नका. खाडीत, नदीत, समुद्रात पोहायचं तर फिट्स आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारून, आणि पोहता येणाऱ्या, माहीतगार माणसाबरोबर. होडीवर जाणाऱ्याने तांडेलाला सांगितलंच पाहिजे.

माडावर, पोफळीवर, आंब्याच्या शेंड्याला चढू नये. आंबा काढणीत जमिनीवरचं काम भरपूर असतं, निवडणं, आढी लावणं, पेट्या भरणं. चुलीऐवजी गॅस, आणि तो ओट्यावर, भांड्यांचे कान आतल्या बाजूला. न्हाणीला आतून कडी नको, बाहेर टॉवेल टांगायचा म्हणजे आत कोणी आहे कळतं. गाडीचं म्हणाल तर लायसन्सच्या अर्जातल्या फॉर्म १ मध्ये अपस्मार आहे का असा सरळ प्रश्न आहे. खोटं लिहू नका. तुमच्या स्कूटरपुढे कोणाचं तरी पोर असतं.

गावातलं बोलणं

देवाला गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा, कौल लावा. त्यावर माझं काही म्हणणं नाही, आईही घालते. फक्त गाऱ्हाणं घालून घरी आल्यावर रात्रीची गोळी द्या. पण कोणी देवचार उतरवतो म्हणून पोराला मारत असेल, मिरचीची धुरी देत असेल, चपलेचं पाणी पाजत असेल तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथून मुलाला उचलून आणा.

शाळेत वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या, कुशीवर कसं वळवायचं ते करून दाखवा, दोन फोन नंबर लिहून द्या. मुलाला खेळातून काढू नका.

मुलगी असेल तर अजून एक. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका वाढतो, म्हणून वयात आल्यापासूनच डॉक्टरांशी त्याबद्दल बोला. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन चालू असताना पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. दिवस राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घ्यायचं असतं. पण दिवस राहिले म्हणून घाबरून फिटची गोळी बंद करायची नाही, कधीच नाही. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांची मुलं सुखरूप जन्मतात.

लग्नात लपवू नका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा अडसर होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला, त्यामुळे आजार आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. पण फसवणुकीचा आरोप उभा राहू शकतो, आणि लपवलेली गोळी कधीतरी चुकतेच. भावाच्या वेळी आम्ही दुसऱ्या भेटीतच सांगितलं. दोन स्थळं गेली. तिसरीने विचारलं, "फिट आली तर मी काय करायचं?" तिला मी हेच सगळं सांगितलं होतं.

लग्नानंतर पहिल्या गणपतीला, गाडीतल्या जागरणाने, त्याला फिट आली. मी शेजारच्या घरातून धावत पोचले तेव्हा तो पडवीत कुशीवर झोपला होता, डोक्याखाली तिच्या साडीची घडी. ती म्हणाली, "ताई, एक मिनिट चाळीस सेकंद. दोन्ही हात एकदमच हलले, मान कुठे वळली नाही. पेन द्या, लिहून ठेवते."